१९२१ च्या मुंबईत हजारातली ६६६ बाळं वर्षाच्या आत गेली, हा आकडा खरा धरायचा का?

मानसी_कळवा

नमस्कार मंडळी, थोडी मदत हवी आहे. आमच्या सोसायटीत यंदा गणपतीत देखाव्याऐवजी 'गिरणगाव ते ठाणे' असं छोटं प्रदर्शन करायचं ठरलंय, कारण बिल्डिंगमधली निम्मी घरं मूळची लालबाग, परळ, शिवडीची, कोणी ८२ च्या संपानंतर कळव्याला आलं, कोणी चाळ धोकादायक झाली म्हणून. माझ्या वाट्याला आरोग्य आणि बाळंतपण हा बोर्ड आलाय.

वाचताना १९२१ सालचा एक आकडा सापडला आणि तिथेच अडकलेय. त्या वर्षी मुंबई शहरात दर हजार जन्मांमागे ६६६ बाळं वर्षाची व्हायच्या आत गेली असं नोंदलंय. म्हणजे तिनातली दोन! त्यातही घर केवढं त्याप्रमाणे वेगळे आकडे आहेत, एका खोलीत राहणाऱ्यांमध्ये ८२८, दोन खोल्यांत ३२२, तीन खोल्यांत १९१ आणि चार किंवा जास्त खोल्या असतील तर १३३.

माझी पणजी परळला गिरणीत वायंडिंग खात्यात होती, सगळा संसार एका खोलीत. आजी सांगायची की आईला नऊ मुलं झाली आणि चार जगली. म्हणजे आमच्या घरातही हे झालंय, पण नवातली सात-आठ गेली असं मी आजूबाजूच्या कुठल्याच घरात ऐकलं नाही, आणि ८२८ म्हणजे जवळजवळ तेच झालं ना. शहरात मुलं उरली कशी मग?

कमिटीतले एक काका म्हणतात हाच आकडा मोठ्या अक्षरात लाव, लोक थांबून वाचतील. खात्री नसताना मला तो लावायचा नाहीये, कारण बघायला येणाऱ्यांत ज्यांची भावंडं अशी गेली ती म्हातारी माणसंही असणार. इथे आरोग्य खात्यातले आणि जुने कागद बघणारे बरेच जण आहेत म्हणून विचारते. आणि मुंबईत तेव्हा नक्की कुठल्या भागात सगळ्यात वाईट होतं तेही कोणी सांगितलं तर बरं होईल.

चरईकर

मानसीताई, थांबलात ते फार बरं केलंत. मी जन्ममृत्यू नोंदणीच्याच कामात नोकरी केली, आता रिटायर होऊन ठाण्यातच असतो, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा आहे. जरा लांबण लागेल पण वाचा.

बालमृत्यू दर म्हणजे वर मृत्यू, खाली जन्म, गुणिले हजार. वरची संख्या त्या काळीही बऱ्यापैकी पक्की असायची कारण मयताची नोंद झाल्याशिवाय स्मशानात किंवा कबरस्तानात पुढचं काही होत नसे. जन्माचं तसं काही अडत नाही हो. मूल झालं, सुईण आली गेली, बाप पाळीला गेला, नोंद राहिली ती राहिली. म्हणजे खालची संख्या पहिल्यापासूनच तोकडी.

आणि दुसरी गोष्ट आपल्या सगळ्यांच्या घरातली. बाई बाळंतपणाला जाते कुठे? माहेरी. गिरणगावातल्या बायका रत्नागिरीला जायच्या, साताऱ्याला जायच्या, घाटावर जायच्या. जन्माची नोंद झालीच तर गावच्या पाटलाकडे. मग दोन-तीन महिन्यांनी बाळाला घेऊन परत मुंबईला, कारण गिरणीतली जागा जायची भीती. आणि त्यानंतर बाळ त्या खोलीत गेलं तर मृत्यू मुंबईच्या खात्यात. जन्म एका जिल्ह्यात, मृत्यू दुसऱ्या शहरात, आणि भागाकार मात्र एकाच शहराचा!

कागदावर करून बघा (आकडे माझे आहेत, नुसते समजण्यापुरते). चाळीतल्या बायकांना मिळून १०० बाळं झाली. ४० माहेरी जन्मली, त्यातली ६ तिथेच गेली, ३४ मुंबईला आली आणि त्यातली ८ इथे गेली. उरलेली ६० मुंबईतच जन्मली, त्यातली २० गेली. म्हणजे खरी गेली ३४, हजारी ३४०. पण मुंबईच्या दप्तरात मृत्यू २८ आणि जन्म ६०, हजारी ४६७. आणि त्या ६० जन्मांतले ४५ च नोंदले गेले असतील तर हजारी ६२२! एकही जास्तीचं बाळ न मरता ३४० चे ६२२ झाले. तुमचे ६६६ असेच चढलेले आहेत. तेव्हाच्या आरोग्य अधिकाऱ्यांना हे ठाऊक होतं, नंतर नोंदणी जशी सुधारली तसा दर कागदावरही खाली आला.

म्हणून '६६६' हा नोंदलेला दर म्हणून लिहा. 'तिनातली दोन बाळं मेली' असं वाक्य करू नका, ते वाक्य खरं नाही.

एकूण मृत्युदराचंही असंच. १९०१ ची जनगणना १ मार्चला झाली, ऐन प्लेगच्या हंगामात, लोक शहर सोडून गेलेले. मोजली गेली ७,७६,००६ माणसं, १८९१ ला ८,२१,७६४ होती. आणि १९०६ ला पुन्हा मोजणी केली तर ९,७७,८२२. पाच वर्षांत दोन लाख माणूस वाढलं ते काही सगळं नवीन नव्हतं, पळून गेलेले परत आले होते. आता त्या मधल्या वर्षांचे मृत्यू जर कोणी ७ लाख ७६ हजारांनी भागले तर दर उगाचच भयंकर दिसणार. याच्या उलटंही होतं, १९२१ ला शहरात हजार पुरुषांमागे बायका जेमतेम सव्वापाचशे, म्हणजे भरणा सगळा ऐन कमावत्या वयाच्या पुरुषांचा, आणि त्यातला कोणी खंगला की गावी जाऊन मरायचा, मग शहराचा एकूण मृत्युदर आहे त्यापेक्षा बरा दिसायचा. एकाच शहराचा एक दर फुगलेला आणि दुसरा आक्रसलेला.

वॉर्डांचं नंतर लिहितो, नातवाला क्लासला सोडायचंय.

घणसोली_गाववाला

काकांनी पाटलाकडच्या नोंदीचं लिहिलं म्हणून सांगतो. आम्ही इथले आगरी, जातीच्या दाखल्यासाठी आजोबांच्या वडिलांची नोंद शोधायला तहसीलला जुनं कोतवाल बुक बघितलं होतं, म्हणजे गाव नमुना १४. मोडीत आहे सगळं, वाचणारा माणूस सोबत नेला होता. पानाला हात लावला की कडा गळतात.

जन्माच्या रकान्यात बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. आईचं नाव आमच्या पानावर कुठेच नाही. आणि मयताच्या बाजूला पोरांना नावच नाही बऱ्याच ठिकाणी, नुसतं अमक्याची मुलगी, वय आठ दिवस. अमक्याचा मुलगा, वय एक महिना. कारणाच्या खाली बहुतेक सगळीकडे ताप ताप ताप. मध्येच पटकी, मध्येच देवी. तो मोडीवाला माणूस भराभर वाचत होता आणि मी आडनावं ओळखत होतो कारण ती घरं अजून गावात आहेत. एका पानावर एकाच बापाच्या नावापुढे थोड्याथोड्या वर्षांनी तीन मयत आणि तिन्ही बिननावाची. आम्ही शोधत होतो ते नाव मिळालं पण मी ते पान बघतच बसलो.

म्हणून मला वाटतं गावाकडे कमी मरत होते आणि शहरात जास्त असं सरळ नसणार. गावात कोण मोजत होतं.

सुजाता_ऐरोली

मी स्टाफ नर्स, बरीच वर्षं लेबर रूमला काढली. आकड्यांवर काका बोललेत, मी बाळं कशाने जायची तेवढं लिहिते कारण बोर्डवर ते यायलाच पाहिजे ताई, नुसता दर लिहून कोणाला काही कळत नाही.

पहिला आठवडा म्हणजे धनुर्वात. नाळ कापायला जे हाताशी असेल ते, विळा, जुनं पातं, आणि वर राख किंवा शेण लावायचं. बाळ पहिले दोन-तीन दिवस छान अंगावर पितं. मग एकदम तोंड उघडेनासं होतं, दूध ओढता येत नाही, नुसता हात लावला किंवा भांडं पडलं तरी अंग ताठ होऊन मान मागे जाते. शुद्ध असते त्याला सगळी, म्हणून बघवत नाही. आपल्याकडे पाचवी-सहावीला सटवीची पूजा करतात, इकडे गावांत तर पाचवी जोरात असते, आणि धोक्याचे दिवस बरोबर तेच आहेत. आयांना कारण माहीत नव्हतं पण दिवस पक्के माहीत होते. आज गरोदरपणात दंडाला इंजेक्शन देतो ना, ते यासाठीच. बाळंतपणातला हा धनुर्वात भारतातून हटला हे जाहीर व्हायला २०१५ साल उजाडलं, म्हणजे हे फार जुनं नाही.

त्यानंतर छाती भरणं आणि जुलाब. खोली डोळ्यासमोर आणा, दहा बाय बारा किंवा त्याहून लहान, एका कोपऱ्यात मोरी एका कोपऱ्यात चूल, पाच-सात माणसं आणि वर पोटाला ठेवलेले गाववाले. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडकी असलीच तर चिंध्या कोंबून बंद, बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी. तो धूर तान्ह्याच्या छातीत. गोवर किंवा खोकला एकाला झाला की खोलीतल्या सगळ्या पोरांना. म्हणूनच खोल्यांप्रमाणे आकडा बदलतो, जादू नाही त्यात काही.

आणि तिसरं म्हणजे आईची नोकरी. १८९१ च्या कायद्याने बाईला गिरणीत ११ तासांची मर्यादा आली, मर्यादा म्हणजे तेवढे तास काम असायचंच. बाळ कुणाजवळ, तर शेजारच्या म्हातारीजवळ नाहीतर सात वर्षांच्या बहिणीजवळ. रडू नये म्हणून अफूची गोळी, बाळगोळी म्हणत तिला. गोळी दिली की बाळ गप्प, पण भूकही मरते, दूध कमी जातं, अंग धरत नाही आणि मग साधे जुलाबसुद्धा पुरतात. १९२२ साली मुंबई सरकारने गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची चौकशी करायला डॉ. बार्न्स म्हणून लेडी डॉक्टर नेमल्या होत्या, त्यांनी ही अफू सगळीकडे सर्रास असल्याचं लिहिलंय. लोक ते वाचून आयांना नावं ठेवतात. मी नाही ठेवणार. अकरा तास पान्हा दाटून मशीनसमोर उभी राहिलेली बाई आहे ती, तिने काय करायला हवं होतं?

रोहन_खारघर

काकांचं कॅल्क्युलेशन वाचलं, मस्त समजलं. पण मग माझा प्रश्न असा की ८२८ पण तसाच फुगलेला असणार ना? उलट एका खोलीतलेच तर गावाला जाणारे, चार खोल्यांवाल्यांच्या बायका मुंबईतच बाळंत होणार आणि नोंद पण नीट करणार. म्हणजे ८२८ आणि १३३ मधला फरक पण बराचसा नोंदणीचा फरक असू शकतो. तसं असेल तर गरीब वस्तीत जास्त मेले हे या टेबलवरून सिद्धच होत नाही. मी वाद घालायला नाही विचारत आहे, खरंच जाणून घ्यायचंय.

चरईकर

रोहन, एकदम मुद्द्याचं विचारलंस. हो, ८२८ सगळ्यात जास्त फुगलेला आहे, तू म्हणतोस त्याच कारणाने. पण म्हणून फरक गेला असं नाही.

एक तर दोन खोल्यांचे ३२२ बघ आणि चार खोल्यांचे १३३ बघ. दोन खोल्यांत राहणारा म्हणजे कारकून, मुकादम, छोटा दुकानदार. त्यांच्या बायकाही माहेरी जात असतील पण नोंदी बऱ्याच नीट. तिथेही दर अडीचपट. आणि वरच्या टोकाला १३३ आहे तोही काही चांगला नाही, त्याच १९२१ साली इंग्लंड आणि वेल्स मिळून सरासरी ८३ होती. म्हणजे मुंबईतल्या खात्यापित्या घरातलं बाळसुद्धा तिथल्या सरासरी बाळापेक्षा जास्त धोक्यात होतं.

पण खरं उत्तर दुसरीकडे आहे. जिथे भागाकारात जन्म येतच नाहीत असा आकडा घे, मग माहेरपणाचा प्रश्नच उरत नाही. १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. जूनमध्ये पहिली लाट, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी, ६ ऑक्टोबरला एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले मुंबईत. त्या साथीचे मृत्यू समाजाप्रमाणे मांडलेत, दर हजार माणसांमागे. युरोपियन ८.३, पारशी ९, मुसलमान १९.२, वरच्या जातींचे हिंदू १८.९. आणि ज्यांना त्या कागदांत खालच्या जातीचे हिंदू म्हटलंय ते ६१.६. ताप एकच, शहर एकच, महिना एकच. पारशांच्या जवळपास सातपट! हे सफाई करणारे, गोदीत वाहणारे, गिरणीत सगळ्यात कमी पगाराच्या खात्यात असलेले लोक आणि राहायला सगळ्यात कोंदट जागा. इथे कोणी बाळंतपणाला गावी गेलेलं नाही रे. म्हणून मी म्हणतो की दर चढलेला आहे, पण दरी खरी आहे. टेबल पूर्ण खोटं ठरवून मोकळं होऊ नकोस.

आता वॉर्ड. तेव्हा शहराचे सातच वॉर्ड, ए ते जी. मानसीताई, 'सगळ्यात वाईट' कुठला ते रोगाप्रमाणे बदलतं. १८९६ च्या सप्टेंबरात प्लेग पहिल्यांदा ओळखला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी, तो मांडवीला, म्हणजे बी वॉर्ड. तिथे धान्याची गोदामं, गोदामात उंदीर आणि वर माणसं राहायला. मांडवी काही गिरणगाव नव्हे, तिथे पैसेवाले व्यापारीही होते. तान्ह्या मुलांचं मरण मात्र गिरण्यांच्या भोवती दाटलेलं, ई वॉर्डातलं भायखळा, नागपाडा, कामाठीपुरा, एफमधलं परळ-शिवडी, जीमधलं वरळी. आणि वॉर्डवार तक्ते बघताना एक सांभाळा, जिथे मोठं हॉस्पिटल तिथे मृत्यू जास्त दिसणारच. भायखळ्याला जेजे आहे, गावभरचे पेशंट तिथे येऊन जायचे. आजही आपल्या ठाण्यात तेच, शहापूर, मुरबाडहून पेशंट इकडे येतो, आणि १९६९ च्या कायद्याप्रमाणे नोंद जिथे घटना घडली तिथे. राहत्या पत्त्याने वेगळं काढल्याशिवाय शहरांची तुलना करायचीच नाही, मी ऑफिसात हे सांगून सांगून थकायचो.

प्लेगनंतर १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, रस्ते रुंद केले, प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, हवा खेळली. पण पाडलेल्या घरांतली माणसं गेली कुठे, तर शेजारच्या चाळीत, तिथल्या खोल्यांत आणखी दाटी. मग विसाच्या दशकात बीडीडीच्या २०७ चाळी, वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी. त्याही एकेकच खोलीच्या.

सुजाता_ऐरोली

काका, यात १९२९ चा कायदा आलाच पाहिजे. मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला, देशातला पहिला. बाळंतपणाआधी तीन आठवडे आणि नंतर चार आठवडे, रोजचे आठ आणे, मालकाने द्यायचे. आदल्या वर्षी कौन्सिलात बाबासाहेबांनी या बिलाला पाठिंबा दिला होता, बाळंतपणाच्या आधी आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे म्हणून. चार आठवड्यांनी परत पाळीला जायचं म्हणजे काही फार नाही, पण आधी तेही नव्हतं. आणि परळला वाडियाचं बाळंतपणाचं हॉस्पिटल १९२६ चं, केईएम त्याच वर्षीचं, मुलांचं वाडिया १९२९ चं, सगळं अगदी गिरण्यांच्या दारात. रोहन, सुईणीच्या विळ्याऐवजी उकळलेली कात्री येणं हा केवढा फरक असतो ते मला विचार.

मानसी_कळवा

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. काका, तुमचं १०० बाळांचं उदाहरण मी चार्टवर काढणार आहे, ४० माहेरी आणि ६० मुंबईत असं दोन रंगांत, म्हणजे शाळेतल्या पोरांनाही कळेल. ६६६ लावणार पण खाली मोठ्या अक्षरात 'नोंदलेला दर, प्रत्यक्षात यापेक्षा कमी', आणि त्याला लागूनच इन्फ्लुएन्झाचे ६१.६ आणि ८.३, म्हणजे 'एवढं काही नव्हतं' असं कोणी म्हणून निघून जाणार नाही. सुजाताताई, तुमचं खोलीचं वर्णन वापरू का? आमच्याकडे एकांचा जुना पाळणा आणि बाज आहे, त्याच्या बाजूला दहा बाय बाराची रेघ जमिनीवर आखायचा विचार आहे, लोकांनी आत उभं राहून बघावं.

आणि एक. आजीशी काल फोनवर बोलले, ती म्हणाली तिची दोन भावंडं संगमेश्वरला आजोळी जन्मली आणि परळला गेली. नावं तिला आठवत नाहीत, ठेवलीच नसतील बहुतेक. अगदी काकांच्या गणितातली. त्यांची नोंद शोधायची तर कुठे जायचं? ग्रामपंचायतीत विचारलं तर जुनं काही नाही म्हणाले.

सुजाता_ऐरोली

वापरा की, विचारता काय. आणि रेघ आखाल तेव्हा मोरी आणि चुलीची जागाही आखा, मग उरते किती ते दिसेल.

घणसोली_गाववाला

ताई ग्रामपंचायतीत नाही मिळणार. तालुक्याच्या तहसीलदार ऑफिसात अभिलेख कक्ष असतो, तिथे अर्ज द्या, गाव नमुना १४ जन्ममृत्यू नोंद असं स्पष्ट लिहा, गावाचं नाव आणि अंदाजे साल टाका, साल नक्की नसेल तर आधीची नंतरची धरून द्या. जन्म पणजीच्या बापाच्या गावात शोधा, पण नोंद पणजोबांच्या नावाने असेल कारण बाप तोच. काही ठिकाणी मात्र जावयाचं नाव नीट माहीत नसलं की आजोबांच्या नावाने मुलीचा मुलगा असं लिहिलेलं असतं, तेही बघा. मृत्यू परळचा म्हणजे तो मुंबई महापालिकेत, एफ साउथ वॉर्ड ऑफिसला विचारून बघा. मोडी वाचणारे ठाण्यात आहेत, मी ज्यांना नेलं होतं त्यांना विचारतो आणि तुम्हाला मेसेज करतो.